नवी बॅटरी घेण्याआधी

पावसाळ्यातली पहाट होती. बाबांच्या छातीत कळ आली. त्यांना धरून गाडीत बसवलं, किल्ली फिरवली, तर नुसता ‘टक्’ आवाज. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ घेईना. शेवटी शेजाऱ्यांच्या रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. बाबा सावरले, पण वाया गेलेली ती दहा मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत.

गाडी वीस वर्षांची, पेट्रोलवरची, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत उभी राहणारी. मी आधी नवी बॅटरी बसवली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून कार्बन बदलून घेतले. आठवड्याने पुन्हा ‘टक्’. अखेर एका जुन्या वायरमनने जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं आणि किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन झटक्यात फिरलं. दोष अर्थिंगच्या पट्टीत होता. वरून ती धड दिसायची, नटाखाली मात्र पार गंजली होती.

खूण आधीच मिळाली होती. सेल्फ मारताना प्लास्टिक तापल्याचा वास यायचा. नेहमीची वाट अडल्याने करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून परतत होता आणि तिचं आवरण वितळत होतं. मी त्या वासाकडे दुर्लक्ष केलं.

म्हणून सांगतो, काहीही बदलण्याआधी मोजा. हेडलाइटला आठ-दहा अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराहून जास्त लागतात. त्यामुळे दिवे लागले म्हणजे बॅटरी आणि जोडण्या ठीक आहेत, असं धरून चालू नका. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले आणि ‘टकटकटक’ आवाज आला, तर बॅटरी उतरलीय किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. दिवे तसेच राहिले आणि एकच ‘टक्’ आला, तर सेल्फ, त्याचा सोलेनॉइड किंवा अर्थिंग पाहा. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, रिले, इग्निशन स्विच तपासा.

साधा मल्टिमीटर घरात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरीवर संशय घ्या. त्याच वेळी बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब आहे.

टर्मिनल काढताना मायनस आधी, लावताना शेवटी. पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, धातू पॉलिश पेपरने चकचकीत करा, नट आवळून वर व्हॅसलिन लावा. किनाऱ्यालगत राहत असाल तर पावसाळ्याआधी हे दरवर्षी करा. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, तो जळतो.

आणि घरात कुणाच्या छातीत दुखत असेल, तर किल्ली फिरवत बसू नका. आधी १०८ ला फोन करा. गाडीचा दोष दुसऱ्या दिवशीही शोधता येतो.