गाडी उंच करण्यापूर्वी

उसाच्या फडातून किंवा खडकाळ वाटेने पिकअप गाडी नेली, की तिचे पोट खाली घासते. मग मालकाला वाटते, गाडी चार बोटे उंच असती तर बरे झाले असते. उंची वाढवण्याचे तयार साहित्य बाजारात मिळते. त्याला लिफ्ट किट म्हणतात. अमेरिकेत पिकअपलाच ट्रक म्हणतात, आणि तिथले पुष्कळ हौशी लोक हे काम घरच्या आवारात करतात. आपल्याकडेही कुणी कुणी करू लागले आहे. म्हणून हे काम आपण नीट समजून घेऊ.

आधी पाटे पाहू. मागच्या चाकाजवळ वाकून बघा. धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतील. तेच पाटे. सगळ्यांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळा असतो. एक डोळा गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, पक्का जोडतात. दुसरा मात्र झुलत्या कडीला जोडतात. असं का बरं? गाडी खड्ड्यात आदळली, की पाटा दबून सपाट होतो. सपाट झाला, की तो लांब होतो. दोन्ही टोके पक्की आवळली, तर ही वाढलेली लांबी जाईल कुठे? काही तरी तुटेलच. म्हणून एक टोक मोकळे ठेवायचे.

दोन चाकांना जोडणारा आस या पाट्यांखाली असतो. नालेसारखे वाकवलेले लांब बोल्ट पाटे आणि आस यांना एकत्र आवळून धरतात. त्यांना यू-बोल्ट म्हणतात. आता पाटा आणि आस यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा बसवला, की गाडीचा मागचा भाग तेवढा वर जातो. झाली युक्ती! जुन्या विलीज जीपमध्ये मात्र पाटे आसाच्या खालून जातात. तिथे ठोकळा घातला तर जीप उलट खाली बसेल. म्हणून आधी वाकून बघा म्हटले.

कुणी ठोकळ्याऐवजी एक पाटा वाढवतात. त्यासाठी पाट्यांचा मधला बोल्ट काढावा लागतो. पाट्यांत ताण कोंडलेला असतो. बोल्ट सुटताच ते उसळतात आणि हात फोडतात. ते काम पाटेवाल्या मिस्त्रीकडेच द्या, असे आमचे मत आहे. पुढच्या आसाखाली ठोकळा कधीच घालू नये. ब्रेक आणि सुकाणू यांचा सगळा जोर तिथे येतो. ठोकळ्यावर ठोकळाही चढवू नये.

उंचीची एक किंमत असते. ती हिशेबाने पाहू. दोन चाकांतले अंतर १५० सेंटिमीटर आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच आहे असे धरा. अंतराचे निम्मे ७५. त्याला उंचीने, म्हणजे ७५ने, भागले की १ येतो. आता तो मध्य १० सेंटिमीटर वर गेला. ७५ला ८५ने भागा. उत्तर सुमारे ०.८८ येते. म्हणजे वळणावर न उलटता तग धरण्याची ताकद शंभरात बारा भागांनी कमी झाली. वर ऊस रचला, की ती आणखी घटणार. घाटात रोज गाडी नेणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा!

कायद्याचेही बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात असलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करू नये. म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारा, मग साहित्य आणा.

आता काम. फरशीसारख्या टणक, सपाट जागी गाडी उभी करा. पुढच्या चाकांना पुढून-मागून भक्कम पाचरी लावा. “हातब्रेक ओढलाय की!” असे कुणी म्हणेल. पण बहुतेक पिकअपचा हातब्रेक मागच्या चाकांना धरतो, आणि तीच चाके आपण उचलणार आहोत. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा. मग जॅक लावा.

इथे जरा थांबा. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. त्याच्या आतल्या तेलाला एक रबरी वायसर अडवून धरतो. तो फाटला, की जॅक डोळ्यांदेखत बसतो. खाली माणूस असेल तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून चासीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावा आणि गाडी घोड्यांवर टेकवा. मग गाडी हाताने जोरात हलवून बघा. डुलली, तर सगळे उतरवून पुन्हा लावा. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे घोडी म्हणून वापरू नका. ते एकदम फुटतात.

चाके काढल्यावर जॅक आसाखाली लावा. शॉकचा खालचा बोल्ट काढा, मग यू-बोल्ट. आस हळूहळू खाली सोडा, आणि ब्रेकच्या रबरी नळीवर नजर ठेवा. ती ताणली गेली तर तिथेच थांबा. लांब नळी बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही पिकअपना आसापासून वर जाणारी एक बारीक दांडी असते. गाडीत किती माल आहे, ते ती ब्रेकला कळवते. गाडी उंच झाली, की माल भरलेला असूनही दांडी ‘गाडी रिकामी’ असे सांगते. मग मागचे ब्रेक कमी लागतात. ती दांडी मिस्त्रीकडून जुळवून घ्यायलाच हवी.

ठोकळ्याची खुंटी आसावरच्या भोकात बसवा. मधल्या बोल्टचे डोके ठोकळ्याच्या भोकात बसले पाहिजे. यू-बोल्ट नवे आणि लांब घ्या. जुने ताणलेले असतात. चारही नट थोडे थोडे, समोरासमोर आवळा. गाडी चाकांवर उतरवली, की मापाच्या पान्याने शेवटचे आवळा. किती आवळायचे, ते किटच्या कागदावर दिलेले असते. शेदीडशे किलोमीटर चालल्यावर तेच नट पुन्हा आवळा आणि दिव्यांचा झोतही लावून घ्या. मागून उचललेल्या गाडीचा झोत रस्त्यावर फार जवळ पडतो.