प्रार्थनेची हिब्रू आणि अंगणातली मराठी : बेने इस्राएल सिनेगॉगच्या समाजजीवनाचा वाङ्मयीन विचार

१

भारतीय साहित्यांचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथ, ग्रंथकार आणि वाचक ह्या त्रयीवर भिस्त ठेवतो. परंतु काही समाजांचे वाङ्मय ग्रंथाच्या आधी, आणि पुष्कळदा ग्रंथावाचूनही, प्रसंगाच्या आश्रयाने नांदत असते. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे मराठी वाङ्मय ह्या जातीचे आहे. ह्या समाजाच्या सिनेगॉगमध्ये उपासनेची भाषा हिब्रू राहिली. तिला लागून भरणाऱ्या मेळाव्यांची, कीर्तनांची, नवसांची आणि भोजनांची भाषा मात्र मराठी होती. समाजाची वाङ्मयनिर्मिती मुख्यतः ह्या दुसऱ्या क्षेत्रात झाली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. हे मान्य झाले, तर सिनेगॉगच्या ‘सामाजिक कार्यक्रमां’कडे धर्मजीवनाचे गौण अंग म्हणून न पाहता मराठी वाङ्मयाचे एक आश्रयस्थान म्हणून पाहावे लागेल.

२

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्याची परंपरा सांगते. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर ही आडनावे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, गावांची स्मृती वाहतात. तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. ह्या समाजाचे पहिले सिनेगॉग मुंबईत मांडवी भागात 1796 साली उभे राहिले. त्यापूर्वीची कित्येक शतके त्याचा धर्म घरात, स्वयंपाकात आणि सणावारांत टिकून होता, आणि त्या सणांची नावे मराठी होती. नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’, त्यापाठोपाठ ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात राहावयाचे, म्हणून तो ‘दरफाळणीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी पाळतात, तो वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’. आणि पुरीम हा ‘होळीचा सण’. ह्या नावांत ग्रंथातील कारणाचा उल्लेख नाही. त्या दिवशी काय करावयाचे व काय रांधावयाचे, तेवढे आहे. धर्माची स्मृती कृतीत जपली गेली आणि कृतीला नाव मराठीने दिले.

पुढे सिनेगॉग आले, तेव्हा तेही ह्याच शब्दसृष्टीत सामावले गेले. लोक त्याला ‘मशीद’ म्हणत. मुंबईच्या मशीद स्थानकाचे नाव ह्या सिनेगॉगवरून पडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. व्यवस्थेत हझान आणि गबाई ह्या हिब्रू पदांशेजारी मुकादम आणि चौगुला ही गावगाड्यातील पदे बसली. ‘शार हारहमीम’ ह्या त्या पहिल्या सिनेगॉगचे संस्थापक सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे मराठी बोलीत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी ते बांधले, अशी कथा आहे. कथेचा साचा नवसफेडीचा आहे, हे मराठी वाचकास सांगावयास नको. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे अशा ठिकाणी सिनेगॉगे झाली आणि गावोगावी विखुरलेल्या कुटुंबांना एकत्र येण्याची जागा मिळाली.

३

ह्यातून एक उलटा क्रम दिसतो. इतरत्र ज्यू समाज हिब्रूकडून स्थानिक भाषेकडे गेले. बेने इस्राएल मराठीच्या वाटेने हिब्रूकडे परतले. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 साली त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून रचले. मिशनऱ्याचा हेतू काही असो, समाजाने त्या विद्येचा उपयोग स्वधर्म जाणण्यासाठी केला. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) ह्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुण्यात 1874 साली छापलेल्या हग्गादात हिब्रू संहितेसोबत मराठी भाषांतर आहे. आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चित्रात लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. युरोपीय चित्रांच्या वळणावर काढलेल्या त्या पुस्तकात हे एवढे चित्र घरचे आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाचे स्थित्यंतर कीर्तनाचे. 1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी बायबलमधील आख्याने घेऊन मराठी कीर्तने करण्यास प्रारंभ केला. अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, एस्तेर ह्यांची चरित्रे ओवी, साकी, दिंडी, आर्या अशा परिचित रचनांत बांधली गेली, गायिली गेली, छापलीही गेली.

ह्या घटनेचा अर्थ केवळ ‘अनुकरण’ ह्या शब्दाने उलगडत नाही. फादर स्टीफन्सने सतराव्या शतकाच्या आरंभी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध केले, रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनाला वळण दिले. त्या दोन्ही प्रयत्नांत नव्याने येणाऱ्यास धर्म सांगावयाचा होता. बेने इस्राएल कीर्तनकाराला बाहेरचे कोणी जिंकावयाचे नव्हते. ज्यांना हिब्रू कळत नाही, विशेषतः स्त्रिया आणि मुले, अशा आपल्याच माणसांना आपलीच कथा त्यांच्या भाषेत सांगावयाची होती. संतांनीही संस्कृत न कळणाऱ्यांसाठी हेच केले. म्हणजे छंदांबरोबर कीर्तनाचे मूळ प्रयोजनही ह्या समाजाने घेतले. कीर्तन हा वैष्णवांचा प्रकार खरा, परंतु मराठीत तो श्रुतीला लोकांच्या भाषेत उतरवण्याचा मार्ग म्हणून स्थिरावला होता; म्हणूनच तो एकेश्वरी, मूर्तिपूजा वर्ज्य मानणाऱ्या समाजाला स्वीकारता आला.

४

कीर्तनासारखेच दुसरे क्षेत्र मलिद्याचे. नवस फेडताना, लग्नकार्यात, सुंतेनंतर वा नव्या घरात शिरताना एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले गोड पोहे, खवलेला नारळ, फळे आणि सुका मेवा ताटात मांडतात. हिब्रू स्तोत्र व आशीर्वचने म्हणून प्रसाद वाटतात. अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथील खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा असून तेथे यात्रेस जातात. मलिदा हा शब्द दर्ग्याच्या परिसरातला, पोहे कोकणचे, स्तोत्र हिब्रू. आणि ‘नवस’ ही कल्पना सर्वांची. ह्या विधीत उपासना कोठे संपते आणि मेळावा कोठे सुरू होतो, हे दाखविता येणार नाही.

शिक्षणाचेही तसेच. हाईम सॅम्युएल किहीमकर ह्यांनी 1875 साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदुरी शाळा म्हणून नावारूपास आली. समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिणारे आणि त्यासाठी मराठी सणनावे टिपून ठेवणारे हेच किहीमकर. विवाहातील हळद, मेंदी आणि गाणी ह्यांचा वारसा स्त्रियांनी सांभाळला. विसाव्या शतकात कीर्तनाची परंपराही त्यांनी पुढे नेली.

५

1951 च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या सव्वीस हजारांच्या घरात होती. 2011 मध्ये ती पाच हजारांहून कमी भरली. बहुसंख्य कुटुंबे इस्राएलमध्ये गेली. तेथे ‘मायबोली’सारखे मराठी नियतकालिक निघाले, हे भाषाप्रेमाचे लक्षण होय. तथापि नियतकालिकास वाचक पुरतात. कीर्तनास श्रोते, जागा आणि निमित्त लागते. भाषा बोलणारे उरूनही तिचे प्रसंग नाहीसे होऊ शकतात, आणि ज्या वाङ्मयाचा आधारच प्रसंग आहे, ते आधी लोपते.

राजधानीच्या परिसरात ही प्रक्रिया आणखी एका टप्प्यावर दिसते. जुन्या दिल्लीपासून गुडगाव-मानेसरच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत पसरलेल्या ह्या विस्तीर्ण टापूचे सिनेगॉग म्हणजे हुमायून मार्गावरील 1956 साली उभारलेले ‘जुडाह हायम’. त्याची धुरा दीर्घकाळ वाहणारे इझिकेल आयझॅक मालेकर हे मूळचे महाराष्ट्रातले, बेने इस्राएल. सार्वजनिक प्रार्थनेस दहा पुरुषांची गणसंख्या लागते. येथे स्त्रियाही गणनेत धरल्या जातात. अन्य धर्मीयांचे येथे स्वागत होते. दीपोत्सवाला राजदूतावासातील पाहुणे येतात. आवारातच समाजाची दफनभूमी आहे. जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सगळे प्रसंग एकाच कुंपणात येतात, मात्र ते जोडणारी भाषा आता इंग्रजी वा हिंदी असते. देशोदेशींच्या मंडळींनी बनलेल्या सभेत दुसरे काही व्हावयाचे नव्हते.

दिल्लीतच राहिलेल्या मीरा महादेवन, पूर्वाश्रमीच्या मिरियम मेंढरेकर, ह्यांनी इस्राएलला जावे की येथेच राहावे ह्या पेचात दुभंगलेल्या बेने इस्राएल कुटुंबाची कहाणी 1961 साली हिंदी कादंबरीत मांडली. ‘अपना घर’ हे तिचे नाव. पुढे, 1969 मध्ये, त्यांनी बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी दिल्लीत फिरत्या पाळणाघरांची संस्था स्थापन केली. समाजाच्या अंतर्गत वेदनेला कादंबरीरूप मिळाले ते मराठीबाहेर, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. निसिम इझिकेल (1924–2004) इंग्रजीत कवी झाले आणि इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादास त्यांनी हातभार लावला. एकट्याने लिहावयाचे लेखन अन्य भाषांत गेले. चारचौघांत करावयाचे ते मराठीत राहिले. ही विभागणी ध्यानात घेतल्यावाचून बेने इस्राएलांचा ‘मराठी साहित्यातील वाटा’ मोजू गेल्यास उत्तर अल्प येईल, आणि ते चुकीचे असेल.

ह्यावरून अभ्यासाची दिशा ठरते. छापील कीर्तने जमवणे आवश्यक आहे. परंतु त्यांच्या चाली, निरूपणातील ऐन वेळची भर आणि मलिद्याच्या ताटाभोवतीचे बोलणे पुस्तकात नाही. ते ऐकलेली व म्हटलेली माणसे अलिबाग, ठाणे, मुंबईत आणि इस्राएलमध्ये आहेत. त्यांतील बहुतेक वयोवृद्ध आहेत. महाराष्ट्र शासनाने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो समाजास मिळाला. त्यांच्या मराठीला वाङ्मयेतिहासात स्थान देणे हे विद्यापीठांचे काम आहे, आणि त्यास फार अवधी उरलेला नाही.