संशोधनाच्या दाराला कुलूप का? विद्यापीठांचे 'मुक्त प्रवेश' धोरण आणि आपण शिक्षक



गेल्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गातली तीन-चार मुलं साधे शब्द भराभर वाचायची, पण जोडाक्षर आलं की अडखळायची. 'पुस्तक'चं 'पुसतक', 'रस्ता'चं 'रसता'. कार्डं केली, फळ्यावर फोड करून दाखवली, सराव घेतला, तरी गाडी तिथेच अडायची. मग वाटलं, आपल्यासारख्या लिपीत मुलं वाचायला कशी शिकतात यावर कुणीतरी अभ्यास केलेला असणारच. रात्री मोबाईलवर शोधलं आणि एक शोधनिबंध सापडलाही. शीर्षक, सारांश, सगळं अगदी मला हवं तेच. पण पुढे कुलूप. पंधरा-वीस पानं वाचायची तर जवळजवळ चाळीस डॉलर, म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर. एवढ्या पैशांत माझ्या वर्गाला वर्षभर पुरतील इतकी गोष्टींची पुस्तकं येतात.

दोन दिवसांनी तोच निबंध लेखिकेच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मला फुकट मिळाला. चोरून नाही, रीतसर. एका ठिकाणी चाळीस डॉलर आणि दुसऱ्या ठिकाणी मोफत, हे कसं काय? त्याचा शोध घेताना जे समजलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

'मुक्त प्रवेश' म्हणजे काय?

'मुक्त' म्हटलं की आपल्याला पटकन नाशिकचं मुक्त विद्यापीठ आठवतं. तो विषय वेगळा. इथे मुक्त प्रवेश, म्हणजे 'ओपन ॲक्सेस', याचा अर्थ असा की संशोधनाचा लेख इंटरनेटवर कुणालाही पैसे न देता पूर्ण वाचता यावा, उतरवून घेता यावा, इतरांना देता यावा. ही व्याख्या बुडापेस्ट इथे झालेल्या बैठकीनंतर फेब्रुवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यातून पुढे आली.

आता मूळ व्यवहार बघा. संशोधकाचा पगार बहुतेक वेळा सरकारी तिजोरीतून, संशोधनाचं अनुदानही तिथूनच. लेख लिहिल्याबद्दल जर्नल त्याला मानधन देत नाही. लेख तपासणारे दुसरे प्राध्यापक, तेही सहसा विनामोबदला. छापण्याआधी संशोधक कागदावर सही करून हक्क प्रकाशकाला देऊन टाकतो. आणि मग तेच जर्नल त्याच विद्यापीठाचं ग्रंथालय वर्गणी भरून विकत घेतं. घरचं दूध डेअरीला घालायचं आणि तेच पिशवीतून विकत आणायचं, तसं. फरक एवढाच की डेअरीवाला दुधाचे पैसे तरी देतो.

ही वर्गणी किती असावी? अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठांपैकी एक. २०१२ मध्ये तिथल्या ग्रंथालयाच्या सल्लागार मंडळाने प्राध्यापकांना कळवलं की काही मोजक्या प्रकाशकांच्या जर्नल्सचाच वार्षिक खर्च ३७.५ लाख डॉलरच्या आसपास गेला आहे आणि हे असंच चालू ठेवणं परवडणार नाही. हार्वर्डला परवडत नसेल तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजचं काय होत असेल, याचा विचार करा.

धोरणाच्या शब्दांत काय आहे

मला सगळ्यात रस वाटला तो इथे. कारण परिपत्रकं आपण रोज वाचतो. परिपत्रकात 'शक्य असल्यास' हे दोन शब्द आले की त्या उपक्रमाचं पुढे काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. संशोधकांचंही तसंच झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००५ मध्ये आपल्या अनुदानातून झालेले लेख सार्वजनिक संग्रहात ठेवावेत अशी विनंती केली. विनंतीच ती. प्रतिसाद पाच टक्क्यांच्याही आत राहिला. शेवटी कायदा करून २००८ पासून ते सक्तीचं करावं लागलं, तेव्हा कुठे लेख येऊ लागले. संशोधक वाईट म्हणून नव्हे. तो कामाच्या रगाड्यात असतो आणि लेख छापून आला की त्याचं काम संपलेलं असतं.

विद्यापीठांमध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाने ही गोष्ट लवकर ओळखली. २००४ पासून त्यांनी सर्व प्राध्यापकांसाठी लेखाची प्रत विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ठेवण्याचा नियमच केला.

हार्वर्डने वेगळी युक्ती काढली. १२ फेब्रुवारी २००८ रोजी तिथल्या कला व विज्ञान विद्याशाखेच्या प्राध्यापकांनी एकमताने ठराव केला. हा हुकूम वरून आलेला नव्हता, प्राध्यापकांनी स्वतः मतदान करून तो स्वीकारला होता. संगणकशास्त्राचे प्राध्यापक स्टुअर्ट शीबर यांनी तो मांडला होता. ठराव असा, की यापुढे मी जो शोधनिबंध लिहीन तो लोकांना मोफत उपलब्ध करून देण्याची परवानगी मी विद्यापीठाला आजच देतो. म्हणजे लेख प्रकाशकाकडे जाण्याच्या आधीच विद्यापीठाचा हक्क तयार झालेला असतो. नंतर प्रकाशकाच्या कागदावर सही केली तरी आधी दिलेली परवानगी उरतेच. एखाद्या लेखासाठी कुणाला सूट हवी असेल तर अर्ज करायचा, सूट मिळते. पण अर्ज करावा लागतो! आधी लेख खुला करायला खटपट लागायची, आता बंद ठेवायला लागते. एवढ्या एका बदलावर हे धोरण उभं आहे. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या प्राध्यापकांनीही अशाच प्रकारचा ठराव केला.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाची तऱ्हा मला अस्सल मास्तरी वाटली. कुलगुरू बर्नार्ड रेन्टिए यांच्या काळात, २००७ मध्ये, नियम झाला की लेख विद्यापीठाच्या संग्रहात ठेवा. ठेवला नाही तर दंड वगैरे काही नाही. फक्त बढतीच्या वेळी संग्रहात असलेलेच लेख धरले जातील. गृहपाठ केला नाही तर ओरडणार नाही, पण वही आली नाही तर गुणही नाहीत, तसं. संग्रह भरत गेला.

या संग्रहात सहसा 'स्वीकृत प्रत' असते, म्हणजे तपासणी होऊन मान्य झालेला, पण जर्नलच्या छपाईत न बसवलेला मजकूर. पानांचे क्रमांक जुळत नाहीत, तक्ते कधी शेवटी असतात. मजकूर तोच. काही वेळा प्रकाशकाच्या अटीमुळे ही प्रत सहा महिने, वर्षभर थांबून खुली होते.

दुसरा मार्ग म्हणजे जर्नलच खुलं करायचं आणि खर्च लेखकाकडून घ्यायचा. ऐकायला बरं वाटतं, पण 'नेचर' या प्रसिद्ध जर्नलने २०२० मध्ये असा एका लेखाचा दर ९,५०० युरो जाहीर केला. आपल्याकडचा प्राध्यापक कुठून देणार? वाचकाच्या दाराचं कुलूप काढून ते लेखकाच्या दाराला लावण्यासारखं झालं. शिवाय पैसे घेऊन न तपासताच काहीही छापणारी बोगस जर्नल्स याच वाटेने बोकाळली. माझं मत विचाराल तर विद्यापीठाच्या संग्रहाचा मार्ग जास्त बरा.

आपल्याकडे काय?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच असा संग्रह सुरू केला. राउरकेलाच्या एनआयटीने २००६ मध्ये प्राध्यापकांसाठी तो सक्तीचा केला. २०१४ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनीही अनुदानित संशोधनासाठी तसं धोरण आणलं. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी मात्र आपण खरंच चांगलं काम केलं आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची डिजिटल प्रत द्यावी लागते आणि 'शोधगंगा'वर ती कुणालाही मोफत वाचता येते. पुणे, मुंबई, कोल्हापूर इथल्या विद्यापीठांचे मराठीतले प्रबंधही तिथे आहेत. मी उघडलेले कित्येक स्कॅन केलेले निघाले, त्यामुळे आतला शब्द शोधता येत नाही. पान पान बघावं लागतं. तरी आहेत, हे महत्त्वाचं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्था. छोट्या गावातल्या सरकारी कॉलेजच्या मुलांना याचा फायदा होईल, यात शंका नाही. पण हे वर्गणी भरणं आहे, खुलं करणं नाही. त्या यादीत माझी जिल्हा परिषदेची शाळा नाही, तुमची खासगी अनुदानित प्राथमिक शाळा नाही, आणि मुलाच्या आजारावर काही वाचू पाहणारे पालक तर नाहीतच. आमच्यासाठी अजूनही कुठल्या तरी विद्यापीठाचा संग्रहच उपयोगी पडतो.

म्हणून कुलूप दिसलं तर लगेच परत फिरू नका. गूगल स्कॉलरवर लेखाच्या नावाखाली 'ऑल व्हर्जन्स' असं लिहिलेलं असतं, तिथे टिचकी मारा. मला तो निबंध तिथूनच मिळाला. शिक्षणविषयक लेखांसाठी अमेरिकेच्या शिक्षण विभागाचा 'एरिक' हा संग्रह बघा. आणि काहीच नाही मिळालं तर लेखकाला सरळ ईमेल करा. आपण साध्या शिक्षिका, आपल्याला कोण उत्तर देणार, असं मलाही वाटलं होतं. जोडाक्षरांबद्दलची एक शंका मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या लेखिकेला विचारली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि सोबत तिचे आणखी दोन लेख. एक वाचून झालाय. दुसरा दिवाळीच्या सुट्टीत वाचायचा म्हणून प्रिंट काढून ठेवलाय.