शेवटचा हात तुझा

उरण

चि. बाय,


तू आता बातम्यांच्या कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसायला लागलीस, हे तुझ्या आईने फोन करून सांगितलं. "म्हणजे पोर टीव्हीवर दिसणार का?" हा तिचा पहिला प्रश्न. दिसणार नाही म्हटल्यावर जरा हिरमुसली. मग मी सांगितलं, दिसणारी बाई काय बोलणार, कधी थांबणार आणि तिच्यामागे कुठलं चित्र येणार, हे सगळं आता आपली पोर ठरवणार. हे तिला फार पटलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळलं असेल.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एवढे आवाज एकाच वेळी ऐकायचे कसे, आणि ओरडता आलंच पाहिजे का?

आवाजांचं आधी सांगतो. असाइनमेंटवाले फीड आलं म्हणून सांगणार, आउटपुटवाले शेवटच्या मिनिटाला हेडलाइन बदलणार, ऑडिओवाला फोनो लागला म्हणणार, ग्राफिक्सवाला प्लेटमधली वेलांटी विचारणार, आणि या सगळ्यावर अँकर बोलतच असणार. सगळं ऐकायला गेलीस तर काहीच ऐकू येणार नाही. तू अँकरचं वाक्य धर आणि बाकीचे आवाज त्या वाक्यातल्या फटींमध्ये घे. वाक्य कुठे संपतंय याचा कान आला की कट आपोआप बरोबर जागी पडतो. कित्येक जण मॉनिटरकडे टक लावून डिरेक्शन करतात. चांगले डिरेक्टर मात्र मी कानाने काम करतानाच पाहिले.

ओरडण्याचं म्हणशील तर अजिबात नको. टॉकबॅकचं बटण दाबून तू बोलतेस ते थेट अँकरच्या कानात जातं, आणि त्याच क्षणी ती लाखो घरांकडे बघून बोलत असते. तू ओरडलीस की तिची भुवई हलते आणि ती घरोघरी दिसते. व्हिज्युअल किंवा पॅकेज चालू असेल तेव्हा काय ते निवांत सांग. ती पडद्यावर असताना दोन-तीन शब्दच पुरेत: 'पुढे फोनो', 'गुंडाळ', 'ब्रेक'. पूर्वीचे वृत्तनिवेदक शांत का वाटायचे ते बघ. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. तेव्हा बातम्यांची दृश्यं 16 मिलिमीटरच्या फिल्मवर यायची. ती धुवायची, कापायची, जोडायची, मग दाखवायची. प्रदीप भिडे, अनंत भावे या वृत्तनिवेदकांच्या आवाजातला ठेहराव त्यांचा स्वतःचा होताच, पण त्यांच्या कानात मिनिटाला चार ब्रेकिंग ओतणारंही कोणी नव्हतं. आजच्या अँकरला तो ठेहराव द्यायचा तर तो तुझ्याकडूनच यायला हवा.

रिपोर्टर लाइव्ह घेताना एक तंत्राची गोष्ट विसरू नकोस. उपग्रह जवळपास 36,000 किलोमीटर वर असतो. आवाजाला वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि फीड बॅकपॅकमधून मोबाइलच्या नेटवर्कवर येत असेल तर त्याहूनही जास्त. प्रश्न संपला तरी रिपोर्टर कानाला हात लावून गप्प उभा असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, याला काही येत नाही. म्हणून प्रश्न चालू असतानाच दोन विंडो घे, म्हणजे त्याचं ऐकणं दिसेल. अँकरला सांगून ठेव, प्रश्न एकच विचार आणि मग थांब. रिपोर्टरच्या कानात त्याचाच आवाज उशिराने परत जात नाही ना, हे ऑडिओवाल्याला दर वेळी विचार. तो परत गेला की बिचारा तिसऱ्या शब्दाला अडखळतो आणि शेवटी इअरपीस उपसून टाकतो.

हे सगळं महिन्याभरात हाताला बसेल. त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती वेगळ्या गोष्टीची.

बातमी आणतो रिपोर्टर, लिहितो डेस्क, ठरवतो संपादक. पण पडद्यावर जाण्याआधी तिला शेवटचा हात लागतो तो तुझा. 'टेक' म्हणालीस की गेली. वर्तमानपत्रवाल्यांना उद्याचा अंक तरी असतो. तुझ्याकडे प्रिव्ह्यू मॉनिटर आहे आणि दोन सेकंद आहेत. ते दोन सेकंद वापरायची सवय लाव.

18 डिसेंबर 2024 ची दुपार आठव. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. वाचलेल्यांपैकी बरेच जण इथे जेएनपीएच्या रुग्णालयात आले. आधी एक-दोन बळी म्हणत होते, रात्रीपर्यंत मुख्यमंत्र्यांनी तेरा सांगितले, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत आकडा पंधरावर गेला. अशा वेळी प्रत्येक चॅनलला आपला आकडा मोठा आणि आधी हवा असतो. ग्राफिक्सवाला नवा आकडा टाकून तुझ्याकडे बघेल. तू एकच विचार, कोणी सांगितला? नौदल, पोलिस, रुग्णालय, मंत्री, यांपैकी नाव नसेल तर जुनाच आकडा राहू दे. दुसरं चॅनल दोनने पुढे गेलं तर जाऊ दे. त्या बोटीवर ज्यांची माणसं होती ती आकडा मोजत नव्हती, वाढलेल्या दोघांत आपलं कोणी आहे का एवढंच बघत होती. आणि ती धडकेची क्लिप! बोटीवरच्याच कोणीतरी मोबाइलवर घेतलेली. रात्रभर सगळीकडे फिरत होती. बातमीसाठी ती एकदा दाखवणं मला मान्य आहे. अँकर बोलत असताना मागे तीच धडक पुन्हा पुन्हा लूपवर ठेवणं मात्र मला कधीच पटलं नाही. लूप धडकेच्या आधी कापता येतो. तुझ्या शेजारी बसलेल्या मुलाला ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

त्याच प्रसंगातलं एक बारीकसं. अपघात झाला आपल्या उरणमधल्या करंजाच्या जवळ. इंग्रजी एजन्सीच्या मजकुरावरून पट्टी बनवणाऱ्या मुलाने उरणचं नाव ऐकलेलं नसेल तर तो हमखास 'कारंजा' टाकतो, आणि कारंजा आहे वाशिमला! आपला तालुका रायगड जिल्ह्यात, पण पोलिस ठाणं नवी मुंबई आयुक्तालयाचं, म्हणून 'रायगड पोलिस' ही पट्टी आली की थांबव. जासई, मोरा, चिरनेर, द्रोणागिरी ही नावं तू तरी चुकू देऊ नकोस. गावाचं नाव चुकलं की गावातला माणूस पुढची बातमी ऐकतच नाही.

22 सप्टेंबर 2016 ला तू शाळेत होतीस, तुला आठवत असेल. शस्त्रं घेतलेली संशयित माणसं दिसल्याचं शाळकरी मुलांनी सांगितलं. चारच दिवस आधी उरीचा हल्ला झालेला. नौदल, पोलिस, कमांडो सगळे उरणात उतरले. शोधात काही सापडलं नाही, पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं? अशा वेळी पॅनलवर बसणाऱ्याला नियम पाठ हवा. 26/11 ला चॅनलांनी कारवाई लाइव्ह दाखवली. कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. 2015 मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत तरतूद आली की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचं लाइव्ह दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती द्यायची. फीड येत राहील, कॅमेरामन जवानांच्या मागे धावत राहील, संपादक फोनवर असेल. कट तुझ्या हातात आहे. फीड रेकॉर्ड कर, पडद्यावर घेऊ नकोस. आणि अशा प्रसंगात मुलांचा बाइट कधीही लाइव्ह घ्यायचा नाही. रेकॉर्ड केलेल्या चित्रात चेहरा झाकता येतो. लाइव्हमध्ये रिपोर्टरने कॅमेरा मुलाच्या पाठीमागे लावला तर तेवढंच, पण गर्दीत मूल वळून बघतंच.

या गोष्टींवर वाद होतील. "सगळे दाखवतायत" असं तुला ऐकवलं जाईल. तू नवी आहेस, उलट बोलू नकोस. कोण काय म्हणालं ते वेळेसह वहीत लिही आणि शांतपणे विचार, "सर, नियमात बसतं ना? घेऊ?" प्रश्न असा समोर ठेवला की दहातले सात जण स्वतःच थांबतात. उरलेल्या तिघांबद्दल आपण दिवाळीत बोलू.

शेवटचं, शिफ्टचं. रात्री नऊचं बुलेटिन मिळावं म्हणून तू धडपडतेयस असं दिसतंय. तिथे पाहुणे, चर्चा, सजवलेला सेट, सगळं आधी ठरलेलं असतं. तू सकाळची शिफ्ट माग. 3 सप्टेंबर 2019, ऋषिपंचमी. रनडाउन गणपतींनी भरलेला, आणि सकाळी सातच्या सुमारास इथल्या ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली. चार जण गेले. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार अशा बातम्यांचे पेपर लोकांच्या दारात पडलेले असताना राजभवनावर फडणवीस आणि अजित पवार शपथ घेत होते. दोन्ही वेळा न्यूजरूममध्ये मोजकी माणसं, मोठे संपादक घरी, आणि पॅनलवर बसेल त्याने निभावायचं. सहा महिने असं काढलंस तर नऊचं बुलेटिन तुला मागावं लागणार नाही. पहाटेच्या गाडीची सोय होते का ते मात्र आधी विचारून घे आणि मला कळव. नाहीतर तुझी आई मलाच धरेल.

तुझा,
मामा