क्षमेनंतरही जे उरतं



आईबाबांनो, आपल्यातल्या अनेकांची मुळं नगर, श्रीरामपूर, जालना, सोलापूरकडची. १९५०च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (एचए) कंपनी उभी राहिली, पुढे टेल्को आली, बजाज आली आणि कुणाचे वडील, कुणाचे आजोबा पोटापाण्यासाठी इकडे आले. आज त्यांची नातवंडं चाकणला शिफ्ट करतात. एका माणसाने गाव सोडायचं ठरवलं आणि पुढच्या दोन पिढ्यांची शाळा, नोकरी, सोयरीक सगळंच बदललं. निर्णय घेणाऱ्यापुरता कधीच राहत नाही, हे आपण स्वतः जगलो आहोत. मुलांना मात्र तेच सांगताना आपली जीभ अडखळते.

चाकणला कामावर लागायचं तर ठेकेदार आधार, पॅन, पासबुक मागतो आणि पुष्कळदा पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखलाही. आपल्या वस्त्यांमध्ये रात्री गाड्या फोडण्याचे प्रकार होतात, ते तुम्हाला ठाऊक आहेत. ‘मित्रांनी बोलावलं म्हणून गेलो’, एवढ्यावर एकोणीस वर्षांचा पोरगा त्यात सापडतो. त्याने स्वतः एक काचही फोडलेली नसेल, पण गुन्ह्यात नाव येतं. पुढे तो खरोखर बदलतो. तरुण संघात येतो, प्रभूपुढे रडतो, जुनी संगत सोडतो. आणि दाखल्याचा अर्ज भरायला बसला की दाखल गुन्ह्याबद्दलचा प्रश्न समोर येतो. खरं लिहावं तर नोकरी अडते, लपवावं तर नवं पाप. कोर्टाच्या तारखा चालूच असतात आणि प्रत्येक तारखेला एक खाडा पडतो. अशा वेळी आई विचारते, ‘देवाने क्षमा केली, मग हे संपत का नाही?’

या प्रश्नाचं उत्तर दावीद राजाच्या घरात सापडतं. उरीयाची बायको बथशेबा हिच्या प्रकरणात त्याने उरीयाचा जीव घेतला. नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोष दाखवला, तेव्हा त्याने सबब सांगितली नाही. पाप कबूल केलं आणि त्याच घटकेला त्याला क्षमेचा शब्द मिळाला. तरीही तान्हं बाळ गेलं, उरीया परत आला नाही आणि घरात शिरलेली तलवार पुढे मुलगा अबशालोमापर्यंत पोहोचली. देवाची क्षमा अर्धवट होती का? मुळीच नाही. क्षमेने दावीद देवाकडे परतला. पण ज्यांचं नुकसान झालं त्यांचं आयुष्य मागे फिरलं नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. मुलांना यातलं एकच सांगितलं, तर ती बेफिकीर तरी होतात, नाही तर निराश.

पालक म्हणून या कथेतला पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. दावीदाचा मुलगा अम्नोन याने बहिणीवर अत्याचार केला, तेव्हा दावीद संतापला, पण त्याने पाऊल काही उचललं नाही. दुसरा मुलगा अदोनीया याच्याबद्दल राजांच्या पहिल्या पुस्तकात नोंद आहे की बापाने त्याला कधी जाब विचारून दुखावलं नव्हतं. मला वाटतं, स्वतःच्या पापाची आठवण असलेल्या बापाचं तोंड मुलांपुढे उघडेना. आपलंही असंच होतं. पगाराच्या दिवशी पिऊन येणारा बाप मुलाला व्यसनाबद्दल काय सांगणार? मुलीच्या लग्नात दिखाव्यासाठी कर्ज काढणारी आई मुलाला ॲपवरच्या कर्जापासून कशी अडवणार? पण म्हणून गप्प बसू नका. ‘मी चुकलो, त्याचं मोल तुझ्या आईने मोजलं’, असं बापाने म्हटलेलं लेकरू विसरत नाही.

आणि परिणाम फक्त पापाचेच टिकतात असं थोडंच आहे! पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवायचं ठरवलं. समाजाचा रोष पत्करला, गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. तिथे १८५८मध्ये रमा जन्मली आणि आईकडून शिकली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप दोघेही गेले. मुलीला ‘पंडिता’ म्हणून गौरवलेलं त्यांनी पाहिलं नाही. पुढे १८८३मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभारलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध केलं. आपल्यापासून थोड्याच अंतरावर, दौंड तालुक्यात ते काम आजही चालू आहे. रानातल्या एका घरात बाप जे ठरवतो, ते इतकं लांब जातं. तो ख्रिस्ती नव्हता, तरी त्याच्या धाडसाचा देवाने केवढा उपयोग करून घेतला!

म्हणून कळकळीने सांगते. मुलाच्या हातून चूक झाली तर ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावून ती दडपू नका. आज वाचवलेला पोरगा उद्या त्याहून मोठ्या खड्ड्यात जातो. ‘तू आम्हाला मेलास’ असंही म्हणू नका. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या मुलाला बापाने धावत जाऊन मिठी मारली. उडवलेला पैसा परत आला नाही, पण त्याचं मुलगा असणं शाबूत राहिलं. तारखेला त्याच्याबरोबर कोर्टात जा. ज्याची गाडी फुटली त्याच्या दारी माफी मागायला आणि भरपाई द्यायला त्याला घेऊन जा. दाखल्याच्या अर्जावर खरं लिहायला लावा. नोकरी हुकली तर दुसरं काम शोधताना पाठीशी उभे राहा.

शिफ्ट बदलत राहतात, घरातली माणसं एकमेकांना दिसत नाहीत, हे मी जाणते. तरी आठवड्यातून एक वेळ सगळे एकत्र जेवा. त्या वेळी प्रार्थना करा आणि मुलांना जाब विचारा, प्रेमाने पण स्पष्ट शब्दांत: कुणाबरोबर फिरतोस, कुणाचे पैसे देणं लागतोस, कशाची भीती वाटते? सुरुवातीला उत्तर मिळणार नाही. तरी विचारायचं सोडू नका. मूल एकोणीस वर्षांचं होण्याआधीच हे सुरू करा.