मोफत माहितीपत्रक : व्यवसायवृद्धीचे साधन आणि वैद्याची जबाबदारी

आपल्या तालुक्यातील वैद्यबंधू आणि औषधी विक्रेते एकत्र आले की एक तक्रार हमखास निघते. रुग्ण आपल्याकडे सर्वांत शेवटी येतो. चार ठिकाणी फिरून, पैसा संपवून, आजार जुना करून येतो आणि मग आठ दिवसांत गुण मागतो. ही तक्रार खरी आहे. परंतु रुग्णाने आपल्याकडे वेळेवर यावे म्हणून आपण त्याला काय सांगितले, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. दुकानावर पाटी लावली, दिवाळीला कॅलेंडर वाटले, यात्रेत कापडी फलक बांधला की प्रसिद्धी झाली, अशी आपली समजूत असते. या सर्वांतून रुग्णाला आपले नाव कळते. आपण त्याच्या उपयोगाचे आहोत, हे मात्र कळत नाही.

हे दुसरे काम मोफत माहितीपत्रक करू शकते. एका विषयावरील, चार पानांचे, सोप्या भाषेतील, वाचणाऱ्याच्या घरात उपयोगी पडणारे आणि विनामूल्य दिलेले लेखन, एवढाच त्याचा अर्थ आम्ही येथे घेतला आहे. जाहिरात मागते, माहितीपत्रक देते. या एका फरकावर पुढील सर्व विवेचन आधारलेले आहे.

जुनी परंपरा

ही कल्पना नवी नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख कोरलेले आढळतात. त्यांनी दान दिले आणि दानाबरोबर आपल्या गावाचे नाव दोन हजार वर्षे टिकवले. उपयोगी वस्तू दिली की देणाऱ्याचे नाव तिच्यासोबत राहते, हा धडा आपल्याच गावाने घालून दिला आहे.

औषधी व्यवसायातही याची उदाहरणे आहेत. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु यांनी 1893 साली मुंबईत अमृतांजन सुरू केले, तेव्हा संगीताच्या मैफलींत त्यांनी ते श्रोत्यांना फुकट वाटले. जयंतराव साळगावकर यांनी 1973 पासून काढलेल्या ‘कालनिर्णय’च्या पानांमागे आरोग्य, पाककृती आणि नित्योपयोगी मजकूर असल्यामुळे ते कॅलेंडर तारीख उलटल्यावरही घरात वाचले गेले. परदेशात पाहिले तर मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने 1900 साली वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका छापून तिच्या सुमारे 35,000 प्रती मोफत वाटल्या. तीत टायर कसा बदलावा, पेट्रोल कोठे मिळेल, मुक्काम कोठे करावा हे दिले होते. लोक प्रवासाला निघू लागले की टायर आपोआप झिजणार, हे कंपनी जाणून होती.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर बियाण्याच्या धंद्याकडे पाहावे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली आणि पुढे जालना बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले गेले. बियाण्याच्या पिशवीसोबत पेरणीची वेळ, दोन ओळींतील अंतर, खताची मात्रा सांगणारा कागद येतो, हे आपल्या शेतकऱ्याला आता नवे नाही. तो कागद तो जपून ठेवतो. औषधाच्या पुडीसोबत असा कागद आपण का देऊ नये?

आमची चूक

उपदेश करण्यापूर्वी एक कबुली द्यावयास हवी. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात आम्हीही एक पत्रक काढले होते. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मधुमेहावर खात्रीशीर उपाय’ असे छापले आणि आठवडी बाजारात दोन हजार प्रती वाटल्या. आठवडाभर दवाखान्यात गर्दी झाली. आम्ही खूश होतो.

सुमारे तीन महिन्यांनी शेजारच्या खेड्यातील एक वृद्ध शेतकरी मुलासोबत आले. पायाच्या अंगठ्याला जखम होती, ती काळी पडू लागली होती. ते आमच्याकडे पूर्वी कधीही आले नव्हते. मग साखरेच्या गोळ्या का बंद केल्या, असे विचारता त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. तो आमचा होता. ‘खात्रीशीर’ हा शब्द त्यांनी नातवाकडून वाचून घेतला होता. चालू गोळ्या सोडून दिल्या आणि पत्रकात नाव असलेले चूर्ण दुकानातून आणून स्वतःच घेत राहिले. त्यांना आम्ही तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले. पाय वाचला, अंगठा गेला.

त्यांनी आम्हांस एक शब्दही दोष दिला नाही. उलट जाताना हात जोडले. तो नमस्कार आम्ही अद्याप विसरलो नाही. दवाखान्यात रुग्ण समोर असतो. तो काय समजला, काय नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. कागद मात्र आपल्या माघारी बोलतो, आणि त्याने चुकीचे सांगितले तर त्याला थांबवायला तेथे कोणी नसते. म्हणून माहितीपत्रक लिहिताना जी काळजी घ्यावी लागते, ती औषधयोजनेपेक्षा कमी नाही.

शास्त्र काय सांगते

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. रोगाभिसराचे वर्णन करताना ते म्हणतात की, हे लोक वैद्याचा वेश घेऊन फिरतात, कोणी आजारी असल्याचे कानी येताच धावत जातात आणि रुग्णाला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण गातात. आजच्या भाषेत याला भडक जाहिरात म्हणता येईल. त्याच ग्रंथात वैद्यवृत्ती चार प्रकारची सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रोगाविषयी प्रीती आणि असाध्याविषयी उपेक्षा. माहितीपत्रकाची कसोटी याच चार शब्दांवर लावावी. जे साध्य नाही त्याचे आश्वासन कागदावर येऊ नये आणि जे याप्य आहे त्याला साध्य म्हणू नये.

कायद्याची मर्यादा

औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 हा आपल्या सर्वांना लागू आहे. ‘आम्ही जाहिरात करीत नाही, नुसते पत्रक वाटतो’ असा युक्तिवाद चालत नाही. कारण या कायद्यातील जाहिरातीच्या व्याख्येत सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन, इतर कागद, इतकेच नव्हे तर तोंडी घोषणादेखील येते. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, कमी-अधिक रक्तदाब, लठ्ठपणा, संधिवात, पक्षाघात, अपस्मार, मोतीबिंदू, मूत्राशयातील खडे, स्त्रियांचे वंध्यत्व इत्यादी रोग त्याच्या अनुसूचीत आहेत. या रोगांचे निदान, निवारण, उपचार वा प्रतिबंध अमुक औषधाने होतो, असे सुचविणारी जाहिरात निषिद्ध आहे. औषधाच्या गुणाविषयी दिशाभूल करणारी जाहिरातही निषिद्ध आहे.

नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या दवाखान्यात, ‘येथे अमुक रोगावर उपचार केले जातात’ अशी पाटी लावण्यास सूट आहे. परंतु ती सूट उंबरठ्याच्या आतली आहे. बाजारात वाटलेल्या कागदाला ती मिळेल असे समजू नये. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींसंबंधीचा नियम 170 हा 2018 साली आला आणि तो वगळण्याची अधिसूचना जुलै 2024 मध्ये निघाली. त्यावरून ‘आता सर्व मोकळे झाले’ असा समज काही विक्रेत्यांचा झालेला दिसतो. तो चुकीचा आहे. 1954 चा अधिनियम स्वतंत्र आहे.

आम्ही स्वतःपुरता एक साधा नियम केला आहे : अनुसूचीतील रोगाचे नाव आणि औषधाचे नाव एकाच कागदावर येऊ द्यावयाचे नाही. मधुमेही व्यक्तीने पायाची निगा कशी ठेवावी, हे पत्रक आम्ही आज वाटतो. त्यात एकाही औषधाचे नाव नाही आणि ‘चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत’ हे वाक्य पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे.

पत्रक कसे तयार करावे

1. विषय एकच घ्यावा. ‘आयुर्वेद व आपले आरोग्य’ हा विषय नव्हे. ‘उन्हाळ्यात शेतात काम करणाऱ्यांचा आहार’ हा विषय आहे.

2. विषय आपल्या परिसरातून घ्यावा. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरवी मिरची येते तेव्हा तोडणी करणाऱ्या बायकांच्या हातांची आग होते. त्यांना हाताची निगा सांगणारा कागद हवा आहे. राजूरच्या गणपतीला अंगारकीला पायी जाणाऱ्यांना पायाला आलेले फोड आणि वाटेतील पाणी यांविषयी कागद हवा आहे.

3. शास्त्रातील वचन जसेच्या तसे उतरवू नये. त्याचा व्यवहार सांगावा. ग्रीष्म ऋतुचर्येत मधुर, शीत, द्रव, स्निग्ध आहार सांगितला आहे. खारट, आंबट, तिखट आणि व्यायाम वर्ज्य सांगितले आहेत. दिवसा झोपण्यासही याच ऋतूत मुभा आहे. शेतकऱ्यासाठी याचे रूपांतर असे होईल : जड काम सकाळी लवकर उरकावे, दुपारी सावलीत विसावा घ्यावा, माठातील पाणी वरचेवर प्यावे, तिखट कमी करावे.

4. ‘केव्हा थांबू नये’ हा भाग प्रत्येक पत्रकात असावा. उन्हात काम करताना माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून शुद्ध हरपली तर घरगुती उपाय करीत न बसता त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे, हे स्पष्ट लिहावे. आपल्या दवाखान्याऐवजी दुसरीकडे पाठविणारे हे वाक्यच वाचकाचा विश्वास सर्वांत अधिक मिळविते.

5. ‘खात्रीशीर’, ‘रामबाण’, ‘मुळापासून नष्ट’, ‘दुष्परिणाम नाहीत’ हे शब्द वर्ज्य करावेत. रुग्णांची छायाचित्रे आणि प्रशस्तिपत्रेही नकोत.

6. शेवटी लहान अक्षरांत वैद्याचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता व वेळ एवढेच द्यावे. दुकानदाराचे पत्रक असल्यास मजकूर नोंदणीकृत वैद्याकडून तपासून घ्यावा.

7. छापण्यापूर्वी मजकूर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. तो अडखळेल ते वाक्य बदलावे. खेड्यातील आजोबांना तो कागद असाच कोणीतरी नातू वाचून दाखविणार असतो.

वाटप आणि मोजणी

रस्त्यावर हाती पडलेला कागद रस्त्यावरच पडतो. म्हणून पत्रक जेथे माणूस थांबतो तेथे ठेवावे : पिठाची गिरणी, केशकर्तनालय, बचत गटाची बैठक, कृषी सेवा केंद्र. या व्यावसायिकांनाही सोबत घ्यावे. गिरणीवाल्याला ज्वारी-बाजरीच्या आहारावरील पत्रक त्याच्या दुकानाच्या नावासह द्यावे. गिऱ्हाईक त्याचेही, रुग्ण आपला, छपाईचा खर्च निम्मा.

कृषी सेवा केंद्रासाठी तर हे कर्तव्यच आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, तोंड-नाक झाकावे, फवारणीनंतर साबणाने आंघोळ करावी, मळमळ किंवा अंधारी आल्यास औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे, एवढे चार मुद्दे कीटकनाशकाच्या प्रत्येक विक्रीसोबत गेले पाहिजेत. या पत्रकातून आपल्या दुकानाचे एक चूर्णही विकले जाणार नाही. तरीही ते काढावे.

मोजणीसाठी प्रत्येक ठिकाणच्या पत्रकाच्या कोपऱ्यात एक अक्षर छापावे : राजूरसाठी ‘रा’, हसनाबादसाठी ‘ह’. रुग्ण कागद घेऊन आला की वहीत नोंद करावी. सहा महिन्यांनी कोणता विषय आणि कोणती जागा उपयोगी ठरली हे आपोआप दिसते. अंदाजाने खर्च करण्याची गरज राहत नाही.

काही शंका

‘सर्व माहिती फुकट दिल्यावर रुग्ण येईल कशाला?’ असे विचारले जाते. पत्रकातून सामान्य पथ्य कळते. प्रकृती, दोष, बल, काल पाहून केलेली चिकित्सा कागदावर येऊ शकत नाही. किंबहुना पथ्य वाचल्यावरच ‘माझ्या प्रकृतीला हे चालेल का?’ असा प्रश्न पडतो आणि तो प्रश्न घेऊन माणूस दवाखान्यात येतो.

‘मोबाइलच्या काळात कागद कोण वाचतो?’ ही दुसरी शंका. मोबाइलवर आलेला आरोग्यविषयक मजकूर कोणी लिहिला हे बहुधा कळत नाही. आपल्या कागदावर आपले नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. चुकले तर विचारायला लोक दारात येऊ शकतात. हेच त्याचे बळ आहे.

वैद्यबंधूंनी व औषधी विक्रेत्यांनी येत्या ऋतूसाठी प्रत्येकी एक विषय निवडावा, दोघातिघांनी मिळून मजकूर तपासावा आणि पाचशे प्रतींपासून आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे. आमच्या मेजाच्या खणात तो जुना, चार घड्यांचा कागद आजही आहे. नवे पत्रक छपाईला देण्यापूर्वी आम्ही तो एकदा उघडून वाचतो आणि मगच सही करतो.