सामाजिक भांडवल आणि आपल्या संस्था

बँकेत कर्जाचा अर्ज आला की पगारपत्रकाच्या आधी विचारले जाते, जामीनदार कोण? गांधीबागेच्या कापड बाजारात ओळखीवर उधारी चालते, कारण तिथली पत पिढ्यांची आहे. आपल्या समाजाला अशी पत वारशाने मिळाली नाही. ती संस्थांमधून निर्माण करावी लागली.

समाजशास्त्रज्ञ या पतीला सामाजिक भांडवल म्हणतात. परस्पर विश्वास, ओळखी आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय असा त्याचा अर्थ. अमेरिकन प्राध्यापक रॉबर्ट पुटनम यांनी १९९३ च्या ग्रंथात इटलीचे उदाहरण दिले. ज्या भागात गायनमंडळे व क्रीडामंडळे भरपूर, तिथला प्रांतिक कारभारही चांगला, असे त्यांना आढळले.

ही गोष्ट पूज्य बाबासाहेबांनी फार आधी ओळखली होती, असे आम्हांस वाटते. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि चक्क हॉकी क्लबही! तरुण जुगार-दारूपासून दूर राहावेत, हा हेतू. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, म्हणजे समाजाबाहेरही पूल बांधला होता.

आता नागपूर पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची व्यवस्था वामनराव गोडबोले यांच्या भारतीय बौद्धजन समितीने केली. लाखोंचा समुदाय आला. एवढे मोठे कार्य थोड्या दिवसांत कसे उभे राहिले? त्यामागे जुनी शिल्लक होती. किसन फागुजी बनसोडे यांची शाळा व वृत्तपत्रे, १९२० ची शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखालील परिषद, जुलै १९४२ चे अधिवेशन आणि त्याच वेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली महिला परिषद. मंडप घालणे, वर्गणी गोळा करणे, पाहुण्यांना घरी उतरवून घेणे, हे सारे वस्त्यांना सवयीचे झाले होते.

विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. पैसा खर्चला की कमी होतो. विश्वास वापरला की वाढतो, पण हिशेब लपविला की एका रात्रीत बुडतो. म्हणून वर्गणीची पावती, सभेचे इतिवृत्त आणि सर्वांसमोर वाचलेला जमाखर्च यांना आम्ही भाषणांहून अधिक मानतो. भिशीतल्या बायका हे जाणतात. तिथे प्रत्येकीसमोर पैसे मोजले जातात, आणि अडचणीतल्या बाईला पाळी आधी दिली जाते.